जांभळी जोडी

चंद्रतळावरच्या सहा माणसांच्या प्रकृतीची नोंद दाखवणाऱ्या प्राणरेषा पुण्याच्या प्रयोगशाळेत भिंतभर सरकत होत्या, आणि डॉ. शाल्मली दाबके त्यांतल्या दोनच रेषांवर जळत होती. दोन्ही जांभळ्या. एक तिच्या नवऱ्याची, निनादची. दुसरी भूगर्भतज्ज्ञ यामिनी कोरगावकरची.

जांभळा रंग शाल्मलीचा होता. निनाद मोजमापं घ्यायचा, ती गणित मांडायची. आलेखात त्याची अखंड रेष आणि तिची तुटक रेष नेहमी एकाच जांभळ्या रंगात असायची. लग्नाआधीपासूनची रीत ती. लग्नपत्रिकेवरही दोघांनी नावांखाली तशाच दोन रेषा छापायला दिल्या, तर छापखानेवाल्याने शाई सांडली समजून त्या काढून टाकल्या होत्या.

"हे रंग कोणी दिले?" तिने विचारलं.

"मी नाही," डॉ. मुजावर म्हणाला. रंग वाटणारी प्रणाली मात्र त्याचीच होती आणि तिचं नाव त्याने 'सोयरिक' ठेवलं होतं. "सोयरिक फक्त चढउतार बघते. ज्या दोन रेषा बरोबर चढतात, बरोबर उतरतात, त्यांना एक रंग. एका रेषेला एकच जोडीदार, सगळ्यात जवळचा. ज्याला कोणीच नाही तो करडा."

"म्हणजे यांचं जुळतंय."

"अगं, दोघं एका वेळी जेवतात, एकाच पाळीला खोदायला जातात. तेवढ्यानंही जुळतं. काविळीत सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तुला जांभळं दिसतंय."

शाल्मली हसली नाही. पुढच्या यानात परतीची एक जागा रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची याची शिफारस तिच्याच हातात होती. तिने यामिनीचं नाव लिहूनही ठेवलं होतं. कारण, 'प्रकृती सतत खालावते आहे, तातडीने परत आणावे.' ते धडधडीत खोटं होतं. असा शेरा घेऊन परतलेल्या माणसाला पुन्हा कधी चंद्रावर पाठवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या विचाराने तिला बरं वाटत होतं.

सही करण्याआधी तिने आपली मनगटपट्टी काढून मुजावरसमोर ठेवली. ताण मोजायला ती इथे पृथ्वीवर काम करणारेही सगळेच घालत. "माझीही रेष घाल. वीस वर्षांचा संसार आहे. बघू दे कोणाची सोयरिक जवळची."

मुजावरने हो-ना करत घातली. भिंतीवरचे रंग क्षणभर विझले आणि नव्याने वाटले गेले. जांभळ्या रेषा पुन्हा दोनच होत्या. एक शाल्मलीची होती आणि दुसरी यामिनीची. निनादची करडी झाली होती.

"बिघडलीय तुझी सोयरिक."

मुजावरने तिच्या टेबलाकडे पाहिलं. तिथल्या छोट्या पडद्यावर यामिनीची एकटीची रेष मोठी करून लावलेली होती. किती महिने ती तिथे होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"ती उठली की तुझी रेष चढते," तो हळूच म्हणाला. "ती दमली की तुझी उतरते. ती झोपल्याशिवाय तुला झोप नाही. तुझ्याइतकं तिच्या जवळ तर तिथलंही कोणी नाही, शाल्मली."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्याकडे बघवेना म्हणून ती भिंतीकडे बघत राहिली. करडी रेष आता जोडीविना, एकटी दिसत होती. तिचे रोजचे चढउतार होते तसेच होते, पण सगळी रेषच गळक्या माठातल्या पाण्यासारखी आठवड्यामागून आठवडा खाली चालली होती.

"ही इतकी खाली कधी आली?"

मुजावर उठून भिंतीजवळ गेला. "सोयरिक उंची बघत नाही," तो म्हणाला. "ती आपण बघायची असते."

शाल्मलीने शिफारस उघडली. यामिनीचं नाव खोडून तिथे निनादचं लिहिलं आणि सही केली. कारण बदलावं लागलं नाही.