साठावी ओळ रिकामी

पेन्सिलचं टोक तुटलं तेव्हा दहा वाजायला सहा मिनिटं होती, आणि शार्पनर घरी राहिला होता.

"मावशी, आता?" माझ्या भाचीने विचारलं. तिचं तोंड झोपेतही बंद नसतं, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. आज मात्र दोनच शब्द बाहेर पडले.

"आण इकडे," जिन्याच्या खालच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं.

त्याने खिशातून छोटी सुरी काढली, पेन्सिल बोटांत फिरवत सात-आठ वेळा हलकेच पातं चालवलं आणि टोकावर फुंकर मारली. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. बाहीला कोपरापाशी एक ढलपी चिकटली होती... ती काढावी असं वाटलं. मी हात पाठीमागे बांधले.

"सुतार आहे मी," तो म्हणाला. जणू सुरी बाळगण्याबद्दल माफीच मागत होता.

"मी पाणी तपासते," मी म्हणाले. "प्रयोगशाळेत." दुसरं काही सुचलं नाही.

टेकडीवरच्या त्या शाळेत बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी वर्षाला चोवीस जागा. परीक्षेला चारशे मुलं बसतात. आमच्या शिकवणीवर्गाने चार रविवार सराव परीक्षा ठेवल्या होत्या. मुलं आत, मोठी माणसं जिन्यावर. टिटवीची आई, म्हणजे माझी ताई, रुग्णालयात परिचारिका. तिच्या पाळ्यांमुळे अभ्यास माझ्याकडे आला होता. तो सुतारही बहिणीच्या मुलीला घेऊन आला होता. ती इतकी गप्प आणि इतकी सावकाश, की तो तिला गोगलगाय म्हणायचा.

दुसऱ्या रविवारी तो माझ्याच पायरीवर बसला.

"तुम्ही मावशी, मी मामा," तो म्हणाला. "म्हणजे नात्याने आपण बहीण-भाऊ."

"मुली वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे तो नियम इथे लागू नाही."

"सुटलो," तो म्हणाला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

मीही त्याच भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काहीही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी गुण लगेच मिळाले. उत्तरांचा कागद प्रश्नांपासून वेगळा असतो: साठ ओळी, प्रत्येक ओळीत चार गोल, बरोबर असेल तो पेन्सिलने भरायचा. टिटवीला एक्कावन्न. गोगलगायीला सव्वीस.

"बघा तुम्हीच," त्याने तिचा कागद माझ्या हातात दिला. "घरी सगळं येतं हिला. इथे आली की... हातच चालत नाही वाटतं."

गोगलगाय त्याच्यामागे उभी राहून स्वेटरची बटणं मोजत होती.

"सगळे प्रश्न सोडवलेस का गं?" मी विचारलं.

"एक सोडून. अठरावा अवघड होता."

मी कागदावर अठरावी ओळ शोधली. ती भरलेली होती. आणि अगदी खाली, साठावी ओळ रिकामी होती.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत चाळीस नळ्यांच्या स्टँडमध्ये एक नळी लावायची राहून गेली होती. तिथून पुढे प्रत्येक नळीचा निकाल शेजारणीच्या नावावर गेला आणि एक स्वच्छ विहीर आम्ही दूषित ठरवली. तेव्हापासून शेवटची जागा रिकामी दिसली की माझी नजर तिथेच अडते. गोगलगायीने अठरावा प्रश्न सोडला होता, पण कागदावरची ओळ सोडली नव्हती. एकोणिसाव्याचं उत्तर अठराव्यात, विसाव्याचं एकोणिसाव्यात... साठापर्यंत सगळी रांग एक घर वर सरकली होती. मी वर्गाने दिलेली उत्तरसूची शेजारी धरली आणि अठराव्या ओळीपासून ती एक ओळ वर सरकवली. पहिले सतरा बरोबर. पुढच्या बेचाळीसांपैकी चाळीस बरोबर.

सत्तावन्न.

"काही कळलं?" त्याने विचारलं.

तो आशेने माझ्याकडे बघत होता. मला त्या चोवीस जागा आठवल्या आणि मी कागदाची घडी घातली. "नाही... नीट बघायला हवं." खोटं बोलायला मला एक सेकंद पुरला.

"राहू दे. अर्ज मागे घ्यायला गुरुवारी दुपारपर्यंत मुदत आहे. घेऊन टाकतो. पोरीच्या डोळ्यांत रोज पाणी बघायचं... कशासाठी?"

घरी मी ताईला सगळं सांगितलं. ती गणवेशाला इस्त्री करत होती.

"आपली कितवी येईल?" तिने विचारलं.

"तेवीस, चोवीस, पंचवीस. तिथेच घुटमळतेय."

"म्हणजे एकेका जागेचा प्रश्न." तिने इस्त्री उभी ठेवली. "मग तू तोंडाला कुलूप लाव. खोटं सांगायचं नाही, फक्त सांगायचं नाही. त्याची भाची, तो बघेल."

"ताई, नऊ वर्षांची पोर आहे ती."

"आपलीही नऊचीच आहे. गोगलगाय नि पोटात पाय, एवढं लक्षात ठेव. एका जागेने टिटवी राहिली ना, तर मी त्याला नाही, तुला विचारणार."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. बरोबर आहे, असंही म्हणता येईना. सोमवारी मी एकच नमुना तीनदा तपासला. मंगळवारी अहवालावर तारीख चुकीची घातली. बुधवारी टिटवी भूमितीच्या वहीतून डोकं वर काढून म्हणाली, "गोगलगाय परीक्षेला येणार नाहीये. तिचा मामा नको म्हणाला. ती म्हणते ती ढ आहे. मावशी, ती ढ नाहीये गं. मला अपूर्णांक तिनेच शिकवले."

"कधी?"

"मधल्या सुट्टीत. तू जिन्यावर भिंत बघत होतीस तेव्हा."

गुरुवारी सकाळी मी त्याच्या कारखान्यात गेले. रंध्याचा आवाज दारापर्यंत येत होता. मला बघून तो थांबला. मेजावर शाळेचा कागद होता. उडू नये म्हणून वर पटाशी ठेवलेली. सही झाली होती.

"हे द्यायच्या आधी ऐका," मी म्हणाले आणि एका फळीवर खडूने ओळी काढल्या. सतरा, अठरा, एकोणीस. कुठलं उत्तर कुठे गेलं ते बाणांनी दाखवलं.

त्याने एकेका बाणावरून बोट फिरवलं. मग अर्धवट झालेल्या स्टुलावर बसला. "म्हणजे पोरीला येतं."

"सगळं येतं. सत्तावन्न आहेत तिला."

तो हसला. तळहाताने डोळे पुसले, तसा भुसा कपाळभर झाला. "तुम्हाला आज सकाळी सुचलं हे?"

हो म्हणता आलं असतं. त्याने ते सहज मानलंही असतं.

"रविवारी," मी म्हणाले. "जिन्यावरच."

हसू थांबलं. "आज गुरुवार आहे."

"हो."

"तरी एकदा बघावं म्हणून चार दिवस मी तिला घड्याळ लावून बसवलं. भरभर कर, भरभर कर... काल ती ताटावरून उठून गेली."

मी खडू फळीच्या कडेला ठेवला. त्याने पटाशी उचलली, कागद फाडला, तुकडे भुशात टाकले.

"या तुम्ही आता," तो म्हणाला. आवाज न चढवता.

चौथ्या सरावाला गोगलगायीची आई आली. परीक्षेच्या दिवशी तो फाटकाजवळच उभा राहिला, आमच्याकडे आला नाही. गोगलगाय मात्र सावकाश, आपल्या गतीने, सगळं पटांगण ओलांडून टिटवीपाशी आली. तिच्या हातात दोन लाकडी पट्ट्या होत्या, बोटभर रुंद, गुळगुळीत घासलेल्या. एकीच्या टोकाला गोगलगाय कोरली होती, दुसरीच्या टोकाला लांब पायांचा पक्षी.

"ओळीखाली धरायची," ती म्हणाली. "एक गोल भरला की खाली सरकवायची. मामाने दोन केल्या."

मी फाटकाकडे बघितलं. तो झाडाच्या बुंध्याकडे बघत होता.

निकाल अकराव्या दिवशी लागला. शाळेच्या फलकावर काचेमागे यादी. बारीक पाऊस होता आणि काचेवरून थेंब ओघळत होते, त्यामुळे आकडे हलल्यासारखे दिसत होते. नववं नाव गोगलगायीचं. चोविसावं कुणा दुसऱ्याचं. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली प्रतीक्षायादीत पहिली टिटवी.

मी ताईला फोन केला. पलीकडून वॉर्डमधले आवाज येत होते. "तू सांगितलंस ना त्याला?" तिने विचारलं.

"हो."

"ठेवते," ती म्हणाली. मग ठेवायच्या आधी, "पोरीला काहीतरी खायला घाल."

माझ्या डोक्यावरचा पाऊस थांबला. मागे तो छत्री धरून उभा होता.

"गणित करताय," तो म्हणाला.

"झालं करून."

"मीही केलं. तुम्ही त्या दिवशी आला नसतात, तर चोविसावं नाव टिटवीचं असतं."

"हो."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. खोटं नाही सांगणार, एकदा सांगून झालंय." मी काचेमागच्या यादीकडे बघितलं. "पण परत तो कागद हातात आला तर सांगेन. त्याच पायरीवर."

छत्रीवर पाऊस वाजत होता. तो सावकाश म्हणाला, "मी चार दिवस रागवायचं ठरवलं होतं. तुम्ही गप्प होतात, तेवढेच. पाचव्या दिवशी राग शोधायला गेलो तर सापडेना. मग उगाच तुमच्या प्रयोगशाळेवरून जात राहिलो."

"मला नाही दिसलात."

"तुम्ही नळीत बघत होतात. खिडकीतून दिसतं."

"मग आत यायचं."

"काय म्हणून? पाणी तपासून द्या म्हणून?"

"बाटली उकळून आणावी लागते," मी म्हणाले. "नाहीतर आम्ही नमुना घेत नाही."

"उकळतो की," तो म्हणाला. "रोज एक."

व्हरांड्यात दोघी मुली एकाच बाकावर बसल्या होत्या. टिटवीचे डोळे लाल होते, पण तोंड चालू झालं होतं.

"मावशी, ही यादी महिनाभर चालते. कुणीतरी जागा सोडतंच. आणि नाही सोडली, तर ही मला रोज तिथला अभ्यास दाखवणार आहे. आमचं ठरलंय." मग तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. "पण हिचा मामा माझा कोण लागतो?"

"अजून कुणी नाही," मी म्हणाले.

"अजून," तो म्हणाला. एवढा एकच शब्द, हळूच, तपासून बघितल्यासारखा. त्याने छत्री मिटली आणि पायरी उतरायला वळला. बाहीला कोपरापाशी एक ढलपी चिकटली होती.

"थांब," मी म्हणाले. तो चमकून थांबला. इतके दिवस मी त्याला 'तुम्ही' म्हणत आले होते.

मी हात पुढे केला आणि ढलपी काढली. ती टाकून दिली नाही. मुठीत ठेवली.