मागणीचा दगड

पोरीला मागणी घालायला येणारा माणूस नारळ आणतो, पेढे आणतो. मधुसूदननं दगड आणला. भर वैशाखात, टेम्पोतून, चौघांनी उतरवलेला काळा कातळ माझ्या थेरगावच्या अंगणात! चिंचवडच्या कंपनीत साहेब, पण रीत म्हणून ठाऊक नाही.

तसं त्याला मीच डिवचलं होतं. आदल्या भादव्यात माझी नात शालन गौरीसाठी फुलं आणायला देहूपलीकडच्या डोंगरावर गेली. माथ्यावरच्या ओल्या कातळावर नखाएवढी निळी फुलं येतात. आमच्या भागात दुसरीकडं कुठंच नाहीत. तिनं हात घातला, तोच मागून कुणी म्हणालं, "तोडू नका... याचं बी अजून पडायचंय."

"डोंगर तुमच्या बापाचा हाय का?"

"नाही. तुमच्या वडलांचा असेल, तर त्यांना विचारतो."

शालन हसली — तिथंच घात झाला. मग दर गुरुवारी, नेमकं मधुसूदनच्या कंपनीच्या सुट्टीला, हिला देहूचं दर्शन आठवायला लागलं.

तो मागणी घालायला आला तेव्हा मी सरळ सांगितलं, तुम्ही भाड्याच्या खोलीतली माणसं, आज इथं, उद्या बदली. माझ्या अंगणात ते फूल फुलवून दाखव, मग बोल. वाटलं, बला टळली.

तर हा दगड. म्हणाला, हे रोप दरसाल मरतं, मागं फक्त बी राहतं. खताच्या मातीत ते येत नाही. या कातळाच्या खळग्यातल्या चिमूटभर मातीत बी आहे, पाऊस पडू द्या. मीही बजावलं, की देहूचे सोपानराव त्यांच्या मुलासाठी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी शब्द घ्यायला येणार आहेत. जमीनजुमल्याचं घर आहे. तोवर फुललं तर फुललं.

पाऊस लागला. कातळावर शेवाळ आलं, फूल नाही. शेजारणी विचारायच्या, केसरबाई, नातजावयाची पूजा झाली का? मधुसूदन गुरुवारी फाटकाबाहेर उभा राहायचा. आत घ्यायचा नाही, असा माझा हुकूम. शालन ओसरीवर. तो दगडाकडं बघायचा तेव्हा ही त्याच्याकडं... ही दगडाकडं, तेव्हा तो हिच्याकडं. मला काय दिसत नव्हतं?

कोंबड्या कातळ उकरायला लागल्या, तेव्हा मीच त्यावर डालगं पालथं घातलं. शालन गालात हसली. मी म्हणाले, कोंबड्यांच्या चोची बोथट होतील.

तो सोमवार उजाडला. डालगं उचललं, आणि धाग्याएवढ्या दांड्यावर एकच निळा ठिपका... थरथरणारा. घरात कुणी उठलेलं नव्हतं. नुसतं चिमटीचं काम होतं. देहूचं घर मला फार आवडलं होतं.

हात पुढं गेला, आणि मागं चाहूल लागली. शालन दाराला धरून उभी होती. तिची नजर माझ्या चिमटीवर होती.

मी हात मागं घेतला.

सोपानरावांना चहा दिला, शब्द दिला नाही. ते गेले तेव्हा मधुसूदन फाटकाबाहेर भिजत होता. पहिली शिफ्ट सोडून आलेला, पण फुललं का, हे विचारायची छाती होईना. मी फाटक उघडलं. त्यानं आधी कातळाकडं बघायला हवं होतं. त्यानं शालनकडं बघितलं.

मग मी त्याला सुनावलं, "फूल एका पावसाचं असतंय, त्याला माफ हाय. तू एका पावसाचा निघालास, तर ह्योच दगड तुझ्या डोक्यात घालीन. ये आत. आन् पुढच्या खेपंला नारळ घिऊन ये."