डाव्या हाताचं पान

मुलांसाठी सापळ्यांचं पुस्तक म्हणजे आपल्या हातचा मळ, असं चित्रकाराला वाटलं होतं. माणूस, बेडूक, वटवाघूळ, देवमासा. पंख असो की पंजा, आतली हाडं तीच, हे पोरांना कळावं म्हणून प्रत्येकाच्या डाव्या हाताची हाडं तो निळी रंगवत होता.

पानं तपासायला हाडांचे एक डॉक्टर होते. त्यांनी पहिल्याच खेपेला माणसाच्या पानावर लाल पेन्सिलीने शेरा मारला: "कोपराखालचं हाड मोडून वाकडं जुळलेलं दिसतं. निरोगी हाड काढा."

चित्रकाराने पान पाहिलं आणि ओळखलं. हा हात त्याच्या धाकट्या भावाचा होता.

लहानपणी, नऊ वर्षांच्या धाकट्याला त्यानेच भिंतीवरून ढकललं होतं. "आईला सांगितलंस तर याद राख!" असा दमही भरला होता. ते बिचारं आठ दिवस सुजलेला हात बाहीत लपवत राहिलं. हाड वाकडंच जुळलं, तळहात पुन्हा कधी पुरता वर वळला नाही. हातातून बशा निसटत, आणि आई जन्मभर त्याला धांदरट म्हणत राहिली. गेल्या वर्षी तो गेला. माफी मागायची राहूनच गेली.

चूक मूळ आराखड्यातच असणार, असं म्हणून चित्रकाराने सगळी पानं नव्याने काढली. पट्टी लावून, हाड न् हाड मोजून.

शेरा आला: "वाकडंच आहे. आता बेडकाचंही. देवमाशाचंही."

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं सरळ निघालं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी आईकडे चहा घेताना त्याच्या डाव्या हातातून बशी निसटली.

"अगदी त्या धांदरटासारखा झालास की रे!" आई हसली.

आता सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण जीभ रेटेना. तो खाली वाकून तुकडे गोळा करू लागला, तर तळहात वर वळेना. आईने हट्टाने त्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मग पुन्हा काढायला लावला. दोन्ही फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या.

"हा तुमचा हात नाही," ते म्हणाले. "म्हणजे... हाडांच्या टोकाशी ही फट बघा. मोठ्या माणसात ती भरून निघते. हा नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात आहे. कशाने मोडला होता?"

आई दारातच उभी होती.

"मी ढकललं त्याला," चित्रकार म्हणाला. "भिंतीवरून. सांगू नकोस म्हणून धमकावलंही मीच. आई, तो धांदरट नव्हता गं."

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती हळूहळू उजेडापाशी गेली आणि त्या वाकड्या हाडावरून तिने बोट फिरवलं.

चित्रकाराच्या मनगटावरचे केस शहारले. तिथे कुणीतरी बोट फिरवत होतं.

"डॉक्टर," आईने विचारलं, "दुखतंय का हो त्याला अजून?"