करदोट्याची किल्ली

जिवल्याच्या तळपायांवर पट्टा पडत होता आणि दर फटक्याला तो एकच सांगत होता, "किल्ली मी नाय फिरवली, सायेब!"

बाहेर बाकावर हवालदार बन्सी पागधरे दात आवळून बसला होता. त्याचा दांडी या मच्छीमार गावातला बालमित्र, महादू मेस्त्री, त्याच दुपारी बोईसरच्या आपल्या गॅरेजात जिवंत जळाला होता. गाडीखाली उताणा पडून पेट्रोलचा फिल्टर बदलत होता. बघणारा माणूस एकच, गाडीचा मालक दिगंबर सावे. कारखान्यांना माल पुरवणारा, गावात वजनदार.

सावेंची जबानी फौजदार निकमांनी वेदवाक्य मानली होती. महादूनं पाइप सोडला, तेवढ्यात कामावरच्या जिवल्यानं किल्ली फिरवली. पेट्रोल उसळून विजेच्या हातदिव्याच्या गरम बल्बवर पडलं आणि भडका उडाला. "बहीण गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं," असंही सावे हळहळत बोलले होते. जिवल्याच्या बहिणीला, नवसीला, तीन महिन्यांपूर्वी मासवणजवळ कुठल्याशा गाडीनं चिरडलं होतं. गाडी सापडली नाही आणि कुणी फार शोधलीही नाही.

"सहाला अंगठा घेतो याचा," निकम घाम पुसत बाहेर आले. "सकाळी कोर्टात उभा करतो."

"साहेब, तासभर द्या. प्रेत आणि गाडी बघून येतो."

"बघा. जळलेला माणूस बोलणार आहे थोडाच?"

शवागारात पंखा बंद होता. सकाळपासून सगळ्या बोईसरात लाइट नव्हती. शिपाई पुठ्ठ्यानं माश्या वारत होता. महादूची छाती, मान, चेहरा यांचा कोळसा झालेला. करदोटा जळून गेला होता, पण त्यात ओवलेली गाडीची किल्ली कमरेच्या कातडीत रुतून बसली होती. बन्सीला रडू कोसळलं. ती किल्ली बाहेर काढायला डॉक्टरला चाकू लागला.

तिथून तो गॅरेजात गेला, गाडीखाली शिरला आणि कपडे काळे करून चौकीत परतला. जिवल्या कोपऱ्यात पडला होता. महादूला ओढून काढताना त्याच्या दोन्ही पंजांवर फोड आले होते.

"महादूनं आधी काय केलं?"

"गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून बॅटरीवर ठेवला. इंजान चालू ठेवलं. पेट्रोल संपून ते आपसूक मेलं. दोनदा किल्ली मारून बघितलं, नाय लागलं. दादा बोलला, आता पायपात जोर नाय. किल्ली घेतली आन जेवाया गेला."

"शेठ कुठं होते?"

"गाडीत बसलेले. मी बोरिंगच्या हापशीवर पानी भरत व्हतो. गाडीच्या टाकीकडनं घूं असा आवाज आला. दोनदा."

"मग?"

"दादा जेवून गाडीखाली गेला. मी दुसरी बादली लावली, आन किंकाळी आयकली."

सहाला सावे सही करायला आले. बन्सीनं त्यांना खुर्ची दिली.

"शेठ, जिवल्यानं किल्ली कुठली फिरवली?"

"गाडीला लावलेली होती ती."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं."

बन्सीनं किल्ली टेबलावर ठेवली. तिला अजून मांस चिकटलं होतं.

"ही महादूच्या कमरेतून कापून काढली. आमच्या दांडीत बोटीच्या इंजिनात हात घालायचा, तर माणूस चालू करायचं हँडल आधी बुडाखाली घेऊन बसतो. म्हणजे दुसऱ्या कुणी ते फिरवायला नको. महादूनं दर्या सोडला, खोड नाही सोडली. दुसऱ्या गॅरेजात किल्ली गाडीलाच लटकते, म्हणून तुम्ही बेधडक ठोकून दिलंत. फिरली ती तुमच्याजवळची दुसरी किल्ली. तो जेवत असताना तुम्ही फ्यूज परत बसवलात, दोनदा किल्ली फिरवलीत. पंप घूं करून चालला आणि पाइपात पुन्हा जोर भरला. तो बिचारा निर्धास्त. पाइप सोडला आणि पेट्रोल त्याच्या छाताडावर उसळलं."

"आणि बल्ब?" सावेंचा आवाज चिरकला.

"आज सकाळपासून बोईसरात लाइट कुठं होती? बल्ब गरम होईल कसा? काडी तुम्ही टाकलीत, शेठ. पेट्रोलनं भिजलेल्या माणसावर."

निकम खुर्ची मागे सारून उठले. "अहो पागधरे, पण कशासाठी?"

बन्सीनं रुमालाची गाठ सोडली. आत काळ्या मण्यांची तुटकी माळ होती, हिरव्या लुगड्याच्या करपलेल्या चिंधीत गुरफटलेली. "मागच्या आसाला अडकली होती. जिवल्याला दाखवली. नवसीची आहे. सकाळी गाडीखाली शिरला तेव्हा महादूलाही दिसली असणार."

"पाय धरले मी त्याचे!" सावे ताडकन उठले. "मागेल ते देतो म्हटलं! 'शेठ, गाडी नीट करतो, सांजेला तीच घेऊन आपण चौकीत जाऊ,' एवढंच बोलायचा मूर्ख!" टेबल उलथून ते दाराकडे धावले. बन्सीनं मानगूट धरून त्यांना भिंतीवर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कुणी त्याला थांबवलं नाही.

दारात जिवल्या चौकटीला धरून उभा होता. त्यानं सावेंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दादा बोलला व्हता, सांजेला हात धू आन बरं कापड घाल, पोलिसात जायाचंय. मी इचारलं, कशाला? तर बोलला, नवसीचं काम हाय."