फक्त दोन वाक्यं

नुकतीच पुसलेली फरशी अजून ओली होती. ती हातात फडकं घेऊन दाराला टेकली होती, तेवढ्यात बाहेर बस थांबली आणि चिखलाने बरबटलेल्या बुटांची फौजच्या फौज पायऱ्या चढून आली. तिने दारात हात आडवा धरला. बूट बाहेर, एवढंच म्हणाली. पोरापोरींनी एकमेकांकडे पाहिलं, मग मागे वळून त्यांना घेऊन आलेल्या माणसाकडे. तो पावसात उभा राहून बसच्या टपावरून शेवटची पिशवी उतरवत होता.

"पुढच्या हॉस्टेलात जागा नाही म्हणाले," केसांतलं पाणी झटकत तो वर आला. "इथे मिळेल का? आजच्यापुरती..."

"मिळेल. बूट काढा."

"मीसुद्धा?"

"का? तुमचे बूट काय विमानातून आले?"

त्याने निमूट बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा जगाकडे बघत होता. त्याने घाईघाईने तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. तिने ते पाहिलं आणि हसू दाबता दाबता फुटलंच.

"हसू नका," तो हळूच म्हणाला. "पोरांसमोर अब्रू आहे माझी."

"होती," ती म्हणाली.

तो सीमेपलीकडचा होता. पलीकडचा म्हणजे तरी किती, तर टेकडी उतरून नदीवरचा पूल ओलांडला की त्याचा देश. भाषा तीच, फक्त हेल वेगळा. त्या काळात दोन्ही देशांनी मिळून तरुणांसाठी एक पास काढला होता. पंचवीस वर्षांखालच्या कुणीही तो दाखवावा, पूल ओलांडावा, मनाला येईल तितकं हिंडावं. त्या पासावर अख्खी गल्ली जगत होती. धोबी, भाड्याने सायकली देणारे, कॉफीवाले, वाटाडे आणि तिच्या आईने उभं केलेलं हे यूथ हॉस्टेल. आईचे डोळे अधू झाल्यापासून हॉस्टेल तीच बघायची आणि तळमजल्यावरची सायकलींची शेड तिचा दादा.

तो पुन्हा आला. नव्या पोरांना घेऊन पुन्हा आला, आणि मग येतच राहिला. पुढच्या हॉस्टेलात आता जागा असायची, पण त्याची बस तिथे थांबायचीच नाही. तो तिला फौजदार म्हणायचा आणि ती त्याला मेंढपाळ. पोरं गाव बघायला गेली की तो काहीतरी निमित्त काढून गच्चीवर यायचा. तिथे चादरी वाळत असायच्या. एवढ्या चादरींच्या घड्या एकटीने घालायच्या म्हणजे हात दुखून यायचे, म्हणून तिने एकदा दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी टोकं धरायची, चादर झटकायची आणि कोपऱ्याला कोपरा जुळवायला एकमेकांकडे चालत यायचं. जवळ आल्यावर तो टोकं लगेच सोडायचा नाही.

"पोरं विचारतात, दर वेळी हेच हॉस्टेल का?"

"मग काय सांगता?"

"चादरी चांगल्या धुतात म्हणून सांगतो."

"चादरी धोबी धुतो."

"तेही सांगतो. मग ती म्हणतात, धोबी दिसायला फार छान असेल."

ती चादरीआड तोंड लपवून हसली आणि म्हणाली, "अरे, नीट धर ना..." आणि थांबली. तोही थांबला. आजवर ती त्याला अहो-जाहो करत होती. वाऱ्याने मधली चादर फुगली आणि तिचं एक टोक हातातून सुटलं. कुणीच ते उचललं नाही. तो एवढंच म्हणाला, "पुन्हा म्हण." तिने म्हटलं.

सुखाचे दिवस सांगायला फार वेळ लागत नाही. त्यांचे मोजून दोन उन्हाळे.

गल्लीच्या तोंडाशी एका नव्या पक्षाची कचेरी उघडली आणि दादा तिथे जाऊन बसू लागला. दादा काही वाईट माणूस नव्हता. पण वर्षानुवर्षं परक्या पोरांच्या सायकलींची पंक्चरं काढताना "ए सायकलवाल्या" ऐकून त्याच्या मनात कुठेतरी घट्टे पडले होते. कचेरीत त्याला खुर्ची मिळाली, नावापुढे साहेब लागलं. पलीकडून येणारी पोरं आपल्या जिवावर मजा मारतात, आपल्या मुलांच्या नोकऱ्या खातात, पूल बंद करा म्हणजे आपलीच पोरं आपला देश बघतील, असं तिथे सांगितलं जायचं. दादा ते घरी येऊन सांगायचा. आई म्हणायची, अरे, ज्या विहिरीचं पाणी पितोस तिच्यातच माती ढकलू नकोस. दादा हसायचा.

निवडणूक झाली आणि तो पक्ष आला. नव्या सरकारने पहिल्या महिन्यात काय केलं असेल, तर तरुणांचा पास रद्द केला, हातातल्या पासांना तेवढी काही महिन्यांची मुदत दिली.

आधी फोन यायचे बंद झाले. मग धोबी गेला, कॉफीवाल्याने खुर्च्या आत घेतल्या, आणि आपली पोरं काही आली नाहीत, कारण आपल्या पोरांनाही पूल ओलांडून पलीकडेच जायचं होतं. दादाच्या सायकली शेडमध्ये गंजत उभ्या राहिल्या. एका संध्याकाळी ती त्याला तोडून बोलली, की दादा, बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारलीस. दादाने मान वर न करता विचारलं, "आणि मतदानाच्या दिवशी तू कुठे होतीस?"

ती मेंढपाळाच्या पोरांना तळं दाखवायला गेली होती. दिवस सुंदर होता आणि तिच्या एका मताने काय होणार होतं?

ती मुदत संपायच्या आठवड्यात तो शेवटची पोरं घेऊन आला. सात-आठच होती, तीही दबकून बोलणारी. गच्चीवर तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर." ती म्हणाली, आईला कोण बघेल? आणि नव्या कायद्याने इथून गेलेल्याला परत येता येणार नव्हतं.

"मग मी राहतो," तो म्हणाला. "पोरांना ड्रायव्हर सोडेल. मी राहतो इथेच... ठेवून घेशील?"

तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं. तिला वाटलं, जगात यापेक्षा मोठं कुणी कुणाला काही दिलं नसेल.

पलीकडच्या माणसाला इथे राहायचं तर लग्न आणि वर सरकारची परवानगी लागे. परवानगी मिळणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. ती दादापुढे जाऊन रडली. दादा उठला, शर्ट बदलून कचेरीत गेला आणि दुपारी परतला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. काम झालं होतं. पक्षाच्या साहेबांनी शब्द दिला होता. होणाऱ्या जावयाने फक्त कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं वाचायची होती.

कचेरीत गेल्यावर ती वाक्यं त्यांच्या हातात पडली. तरुणांच्या सहलींच्या नावाखाली आमच्याकडून इकडे हेर पाठवले जात. मी स्वतः अशी मुलं आणली आहेत.

तो कागदाकडे बघत राहिला. कॅमेरावाला दिवा लावून तयार होता. दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, की अहो, दोन वाक्यंच तर आहेत, शब्द काय, वाऱ्यावर जातात. त्याने दादाकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"त्या पोरांच्या आयांना मी काय तोंड दाखवू?"

ती त्याच्या अगदी जवळ गेली. बाहेर, पुलाच्या वाटेवर, बस उभी होती. नुसतं दारातून बाहेर पडायचं, की तो गेला असता. ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांच्या आया इथे नाहीत. मी आहे... म्हणून टाक ना."

त्याने वाचलं. दोन्ही वाक्यं एका दमात, कुठेही न अडखळता वाचली. वर्षानुवर्षं बसच्या माइकवर बोलल्याने त्याचा आवाज मुळातच स्वच्छ होता. साहेब खूश झाले. संध्याकाळी ते सगळीकडे दाखवलं गेलं आणि दोन दिवसांनी नोंदणी कचेरीत दोघांनी सह्या केल्या. आईने चाचपडत त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, बाळा, जेवलास का?

पलीकडून त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. लग्नाचं कळून आला असेल म्हणून तिने हौसेने फोन त्याच्या कानाला लावला आणि आपणही जवळ कान नेला. बहिणीने लग्नाचं विचारलंच नाही. त्या दोन वाक्यांवरून इथे शिकायला राहिलेल्या पलीकडच्या मुलांना रातोरात परत पाठवलं होतं. पलीकडच्या सरकारने चिडून त्याची सहल कंपनीही बंद केली होती. बहीण त्याच कंपनीत कामाला होती. ती शांतपणे म्हणाली, "पहिल्या सहलीत मी होते ना रे तुझ्याबरोबर? मग मी कोण?"

तो काही बोलायच्या आत फोन बंद झाला. त्यानंतर त्याने लावलेला एकही फोन त्या घरात कुणी उचलला नाही.

हॉस्टेल रिकामं राहिलं नाही, दादाने तीही सोय केली. पुलावर नेमलेल्या पहारेकऱ्यांची तुकडी तिथे उतरली. गिटारीच्या जागी बंदुका आल्या. तिच्या मेंढपाळाने पहारेकऱ्यांसाठी पाणी तापवलं, अंथरुणं घातली, घड्या घातल्या. तिच्याशी तो कधी चढ्या आवाजात बोलला नाही. "तुझ्यामुळे" हा शब्द त्याने एकदाही तोंडातून काढला नाही. ती वाट बघायची त्या शब्दाची. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, कदाचित मग दोघं हसलीही असती. पण तो सगळ्याला बरं म्हणायचा. मीठ जास्त झालं, बरं. छत गळतंय, बरं.

वर्ष उलटलं आणि पक्षाची सभा भरली. दादा चाचरतच सांगायला आला, की साहेबांची इच्छा आहे, जावयाने व्यासपीठावरून पुन्हा दोन शब्द बोलावेत. ती ताडकन म्हणाली, "नाही जाणार तो." त्याने हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "जातो की. परवानगीचं नूतनीकरण आहे ना?"

ती मागच्या रांगेत बसली. वाटलं, तो वाचेल, उतरेल आणि घरी येईल. पण त्याने कागद बाहेरच काढला नाही. तो बोलू लागला, आणि काय बोलला तो! मध्ये थांबायचा, लोकांना उत्सुक करायचा, हसवायचा. अगदी तस्साच, जसा पूर्वी पोरांना बसमध्ये हसवायचा. एका मुलीची गोष्ट त्याने रंगवून सांगितली. ती म्हणे दर सहलीत रडायची, आणि ते रडणं म्हणजे इथे लपलेल्या हेरांना खूण असायची. त्याने तिच्या रडण्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले.

ती मुलगी तिला आठवत होती. पहिल्यांदाच घर सोडून आलेली, काटकुळी. दिवसभर हिच्या आईच्या खोलीत आईचा हात धरून बसली होती आणि जाताना आईच्या गळ्यात पडली होती. तेव्हा हाच माणूस दारात उभा राहून डोळे पुसत होता.

टाळ्या थांबेनात. दादाही वाजवत होता, पण तिच्याकडे बघून त्याचे हात मंदावले.

दुपारी ती दोघं टेकडीच्या वाटेने घरी निघाली. ऊन चांगलंच होतं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तिने विचारलं, "ती मुलगी... तिचं का सांगितलंस? तेवढं तर कुणी मागितलं नव्हतं."

"लोकांना आवडतं," तो म्हणाला. "आणि पहिल्यांदा बोललो तेव्हाच सगळं बोललो मी. आता एक वाक्य काय, शंभर काय."

ती थांबली. तोही थांबला, पण थोडा पुढे जाऊन.

"मी तुला तेव्हा जाऊ द्यायला हवं होतं," ती म्हणाली.

"मग मी गेलो असतो."

"हो."

"परत आलो नसतो."

"माहीत आहे." ती दोन पावलं पुढे आली. "पण मी वाट बघितली असती तुझी. जन्मभर बघितली असती."

त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं, सरळ, डोळ्यांत. क्षणभर तिला वाटलं, आता तो चिडेल. तिला ते हवंच होतं. पण त्याने खालच्या आवाजात, काळजीने विचारावं तसं विचारलं, "आणि आता? आता कुणाची वाट बघतेस?"

खाली हॉस्टेलच्या दारात दोन पहारेकरी उभे होते. आंघोळीला पाणी तापलंय का, म्हणून त्यांतल्या एकाने ओरडून विचारलं. आलो, असं म्हणून तो झपाझप उतार उतरू लागला.