आधी पाय धुवून या

खरं सांगतोय. पटत नसेल तर पुढे सरका. पण जेवताना वाचू नका.

मागच्या रविवारची भर दुपार. ताईचं घर, आतली खोली.

भावोजी बेकरीत भट्टीवर असतात. दिवसभर उभं काम. उजव्या पोटरीत गोळा आला तो हलेचना. मालकाने सांगून टाकलं होतं, सोमवारी उभं राहता येत नसेल तर येऊच नका.

म्हणून ताईने मला बोलावलं. मी व्हिडिओ बघून मालिश शिकलोय, पण हात बरा आहे.

माझा एकच नियम. आधी पाय धुवून या. मळक्या पायांची मला किळस येते.

"आला मोठा डॉक्टर!" म्हणत भावोजी बाथरूमकडे गेले. मी तेल कोमट करून आणलं.

खोलीत पडदा ओढलेला. पलंगावर भावोजी पालथे पडलेले. डोक्यापासून पायांपर्यंत चादर.

मी चादरीखाली हात घातले, डोळे मिटले. तसं केलं की बोटांना जास्त कळतं.

टाच भेगाळलेली. भेगांमध्ये काहीतरी चिकट... नखं वाढून वळलेली.

"भावोजी, पाय धुतले ना?"

मी हात वर सरकवले.

पोटरी गार. पाण्यात भिजलेल्या पावासारखी. गोळा सापडला, तसा अंगठा रोवला. दाबून धरायचं, सोडायचं नाही, मग तो विरघळतो.

हा सरकला...

कातडीही सरकली. ओल्या मोज्यासारखी.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज.

"अरे, तुझ्या ताईने साबण कुठे ठेवलाय?"

माझा अंगठा अजून आत रुतलेला.

आणि तो पाय... हळूच माझ्या हातावर रेलला. बरं वाटल्यासारखा.

मी पळालो. बेसिनमध्ये भडाभडा ओकलो. भावोजी ओल्या पायांनी खोलीत डोकावले. मी त्यांच्या मागून पाहिलं, पलंग रिकामा.

"आज नको," एवढंच बोललो आणि घर गाठलं.

संध्याकाळी ताईचा फोन.

"जादू आहे रे तुझ्या हातात! हे जरा पालथे पडले, तर तू परत येऊन पाय चोळलास म्हणे. गोळा गेला! फक्त हात फार गार होते म्हणतात. आणि नखं काप जरा. ओरखडे उठलेत त्यांना."

मी परत गेलोच नव्हतो.

आणि नखं मी रोज कापतो. अगदी मुळापर्यंत.

भावोजी कामावर जातायत, खूश आहेत. अंगठ्याचा वास मात्र जात नाहीये. घासून घासून साल निघालं.

काल म्हणाले, "रविवारी डावा पाय बघ."

मी सरळ सांगितलं, नाही जमणार.

ते हसले.

"तू नको नको म्हणतोस रे... आणि मी पालथा पडलो की येतोसच की."