हात सोडायचा नाही

त्या दिवशीचं काम साधंच होतं. भिंगरीच्या आईला घराबाहेर काढायचं, नदीकाठच्या बागेत आणायचं, होडीतून वळणापर्यंत एक फेरी मारायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. बस्स.

ताईला अशी कामं आवडत. कॉलेज संपल्यावर ती नोकरीच्या मागे न लागता या बागेच्या मागे लागली होती. जिथे सगळी वस्ती कचरा टाकायची, तिथे आता पायवाटा होत्या, बाकं होती, लाकडी धक्का होता आणि धक्क्याजवळ पालथ्या घातलेल्या रंगीत होड्या. नदी काय फक्त पैसेवाल्यांची आहे का, असं ती ज्याला त्याला विचारायची, आणि समोरचा उत्तर शोधेपर्यंत त्याच्या हातात वल्हं देऊन मोकळी व्हायची. तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणत.

भिंगरी ही शिंपीणकाकूंची एकुलती एक मुलगी. खरं नाव वेगळं होतं, पण बूड म्हणून एका जागी टेकायचं नाही, म्हणून भिंगरी. ताईच्या दोन बैठकांच्या होडीत पुढची बैठक तिची. दुसरं कोणी बसायला गेलं की ती आधीच तिथे बसलेली असायची.

धक्क्याला लागताना ताईचा एक नियम होता. मागच्याने दोन्ही हातांनी धक्क्याची फळी घट्ट धरायची, मान खाली, नजर हातांवर. मग पुढच्याने उतरायचं. मागच्याने विचारायचं, "उतरलीस?" आणि "उतरले" असं ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. काही झालं तरी नाही. भिंगरीला या नियमाची भारी गंमत वाटायची. ती उत्तरच द्यायची नाही. तोंडावर हात दाबून बसून राहायची, ताईची बोटं दुखेपर्यंत. पण पायांना कुठे गप्प बसता येतंय? टाचा होडीच्या तळावर वाजायच्या. टक, टक.

"उतर की गं बये," ताई म्हणायची, तेव्हा कुठे फिसकन हसू फुटायचं.

थंडीत तिला ताप आला. आठवडाभर इस्पितळात होती, आणि मग नव्हती. नदीचा त्यात काही संबंध नव्हता.

तेव्हापासून काकूंच्या मशीनवर चादर होती. सुईखाली अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच. गिऱ्हाइकं कापडं परत घेऊन गेली, शेजारणी यायच्या बंद झाल्या, आणि काकू खिडकीशी बसून राहिल्या. हे असंच चाललं तर बाई हातची जाईल, हे ताईला दिसत होतं, आणि नुसतं बघत बसणं तिला जमत नव्हतं.

"काकू, घरात दुःख आंबतं. बाहेर चला."

"मी गं कशाला तिकडे?"

"भिंगरी नेहमी वळणाचं सांगायची ना तुम्हाला?"

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. "तू नेलं नाहीस म्हणून रुसायची. म्हणायची, ताई म्हणते पोहायला शीक, मग वळणापलीकडे नेते." त्या खिडकीपासून वळल्या. "काय आहे गं तिथे?"

"चला. दाखवते."

बागेत त्या वेळी फारसं कोणी नव्हतं. पायवाटेवर दोन-चार फिरणारे, आणि फाटकाशी रखवालदार.

"ताई, आज तुमची शिकार काकू का?" तो म्हणाला. "पोहता येतं का विचारा. मला पाण्यात उडी मारायला सांगू नका, गेल्याच आठवड्यात नवे बूट घेतलेत."

काकू किंचित हसल्या. ताईने मनात म्हटलं, बघा, सुरुवात झाली.

काकूंना लाइफ जॅकेट घालून तिने होडी पाण्यात सरकवली. भिंगरीनंतर पुढे कोणी बसलं नव्हतं. पाय टेकवायच्या दोन्ही पट्ट्या अजून तिच्याच खाचेत होत्या, अगदी जवळच्या. काकूंच्या लांब पायांसाठी ताईने त्या सगळ्यात शेवटच्या खाचेत नेल्या. खट्, खट्.

जाताना काही विशेष झालं नाही. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, ओल्या पानांचा वास, काठावर पिवळं पडत चाललेलं ऊन. वळणापाशी झाडं दोन्हीकडून पाण्यावर ओणवी झाली होती. त्यांच्याखालून होडी पलीकडे गेली. पलीकडे पाणी रुंद आणि अगदी स्थिर होतं. एक पांढरा पक्षी उथळ पाण्यात उभा होता. त्यांना पाहून तो हलला नाही.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच."

काकूंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि हात पाण्यात सोडला. बराच वेळ. "बघितलं गं बाई तुझं वळण," त्या हळूच म्हणाल्या. ताईशी नव्हे.

पक्षी उडाला. आणि होडीचं नाक किंचित खाली गेलं. धक्का नाही, हेलकावा नाही. दमलेलं कोणी बैठकीवर टेकावं, तसं. काकूंनी गुडघे थोडे फाकवले आणि त्या मागे सरकून बसल्या. मांडीपाशी पोर आलं की बाई न बघता सरकते, तशा. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

लाट असेल, ताईने स्वतःला सांगितलं. वारा नव्हता, पण असेल.

परतीला प्रवाह सोबतीला होता, तरी होडी जड चालली. ताईचे खांदे भरून आले. काकू मात्र वल्हं मारता मारता बोलायला लागल्या होत्या. शेजारणीच्या ब्लाउजचं माप अजून लक्षात आहे म्हणाल्या. धागा आणायला हवा म्हणाल्या. ताई ऐकत होती आणि पुढे बघत होती. होडीच्या नाकाशी पाणी फार वर आलं होतं.

धक्का आला. ताईने फळी धरली, मान खाली घातली.

"उतरलात, काकू?"

"उतरले गं."

फळ्या करकरल्या. काकूंनी जॅकेट काढून खुंटीला लावलं, आणि ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. "हलकं वाटतंय आज. खूप दिवसांनी. येते गं, अंधाराच्या आत मशीन पुसून ठेवते." त्या पायवाटेने निघाल्या, आणि त्यांची चाल बघून ताईला खरंच वाटलं, बाई सुटली.

मग तिने होडीकडे पाहिलं. पुढे कोणी नव्हतं, आणि होडीचं नाक अजून खालीच होतं.

पाणी शिरलं असेल. एका हाताने फळी धरून तिने वाकून तळ चाचपला. कोरडा. बोटं तशीच पुढे सरकली आणि पट्टीला लागली. पट्टी शेवटच्या खाचेत नव्हती. जवळच्या खाचेत होती. अगदी जवळच्या. ताईने ती पुढे ढकलून पाहिली. पट्टी हलेना. तिच्यावर कोणी पाय रोवून बसावं, तशी.

तिने हात मागे घेतला. ऊन गेलं होतं, पण उजेड होता. सगळं स्पष्ट दिसत होतं. बैठक, वल्हं, पाणी.

"ताई," फाटकातून रखवालदाराने हाक मारली, "बंद करतोय."

ती सरळ बसली. दोन्ही हातांनी फळी धरली. मान खाली घातली, नजर हातांवर ठेवली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"उतरलीस…?"

काही नाही. पाणी खालून फळी चाटत होतं. तिने वाट पाहिली. बोटं दुखायला लागली.

"उतर की गं… बये…"

रखवालदार किल्ल्या वाजवत धक्क्याच्या टोकाशी आला. "कोणाची वाट बघताय, ताई? काकू तर केव्हाच गेल्या की."

ताईने मान वर केली नाही. हातही सोडला नाही.

होडीच्या तळातून, पुढच्या बाजूने, अगदी हलका आवाज येत होता. टक, टक.